समोरचा बोल्ट

जगातली कुठलीही भानगड बोल्ट समोरासमोर आवळले की सुटते, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये एकच आहे आणि तो नेमका माझा साडू आहे. नवरा-बायकोचं भांडण असो, सोसायटीची पाण्याची बोंब असो, मुंजीची पंगत असो नाहीतर पोटात धरलेला गॅस असो, साडूभाऊंचा उपाय ठरलेला. आधी एक बोल्ट थोडासा आवळायचा. मग त्याच्या शेजारचा नाही, बरोब्बर समोरचा. मग फिरून इकडचा, मग तिकडचा. "शेजारचा आवळलात की मेलात!" हे त्यांचं ब्रह्मवाक्य. पोटातल्या गॅसला समोरचा बोल्ट कुठला, असं मी एकदा खवचटपणे विचारलं होतं. त्यांनी मला तिथल्या तिथे सतरंजीवर उताणं झोपवलं आणि आधी डावा गुडघा, मग उजवा, असे आळीपाळीने पोटाशी दाबायला लावले. गॅस गेला, हे कबूल केलं पाहिजे.

त्यांची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी. त्यांची थोरली, तिला मीही ताईच म्हणतो. माझी धाकटी. साडूभाऊंनी उभा जन्म विम्याच्या ऑफिसात काढला, तोही अपघातांच्या टेबलावर. दुसऱ्यांच्या चेपलेल्या गाड्यांचे फोटो बघत बघत माणूस निवृत्त झाला, तर त्याने खरं म्हणजे बैठे खेळ खेळावेत. ह्यांनी वसईकडच्या एका वाडीवाल्याची जुनी, चारी चाकांना जोर असलेली जीप घेतली. सिल्व्हर पार्कातल्या त्यांच्या सोसायटीत इतर गाड्या कशा टापटीप, अंगावर कापड पांघरून निजलेल्या असतात. त्यांच्या मधोमध हे उघडं-वाघडं, चिखलाच्या रंगाचं धेंड उभं. पहिल्याच दिवशी सेक्रेटरींनी विचारलं, "काका, ये चलती है या रखने के लिए है?" साडूभाऊ म्हणाले, "चलती नहीं, चढती है." तेव्हापासून सेक्रेटरींनी गाडीचा विषय काढलेला नाही.

ही बोल्टांची दीक्षा त्यांना मिळाली ती रायगडातल्या एका समुद्रकिनाऱ्यावर. भाचीच्या साखरपुड्याला निघाले होते. ताई जरीच्या साडीत, मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा. वाळूत गाडी रुतू नये म्हणून टायरमधली हवा कमी करतात, हे ह्यांनी कुणाकडून तरी ऐकलेलं. केली कमी. पण साध्या चाकावर टायर धरून ठेवते ती हवाच. ती गेली आणि वळण घेताना टायर चाकावरून सपशेल निसटला. गाडी वाळूत बसली, भरतीचं पाणी चढायला लागलं आणि शेवटी गावातल्या एका बैलगाडीने दोर लावून सगळ्यांना ओढून काढलं. ती बैलगाडी निघाली नेमकी नवऱ्यामुलाच्या काकांची! साखरपुड्याच्या मांडवात ताई बैलगाडीतून उतरल्या तेव्हा सनईवाल्याने वाजवायचं थांबवलं होतं म्हणतात. ताई त्यावर एकच वाक्य बोलल्या, "बैलांना नावं तरी विचारून ठेवा, पाहुणे झालेत आता."

त्या दिवसापासून साडूभाऊंनी 'बीडलॉक' चाकांचा ध्यास घेतला. नाव ऐकून घाबरू नका, मीही घाबरलो होतो. टायरची जी कड चाकाला बिलगून बसते तिच्यावर बाहेरून एक लोखंडी कडं ठेवायचं आणि ते सभोवार बोल्टांनी चाकाला आवळून टाकायचं. टायरची कड मधे चेपून पक्की. मग हवा कमी करा, निम्मी करा, टायर काही चाक सोडत नाही. मात्र ते कडं सगळीकडून सारखंच बसलं पाहिजे. एक बाजू आधी पूर्ण आवळली की दुसरी बाजू वाकडी बसते, म्हणून समोरासमोर आणि थोडं थोडं. त्यासाठी साडूभाऊंकडे एक लांब दांड्याचा पाना आहे. हवा तेवढा जोर लागला की तो 'कट्ट' करून वाजतो, म्हणून त्याचं नाव कट्टपाना. हा पाना ताईंच्या कपाटात, पैठणीच्या घडीखाली ठेवलेला असतो. एकदा ह्यांनी लोणच्याच्या बरणीचं झाकणही कट्टपान्याचा अंदाज घेऊन लावलं. ती बरणी घरात कुणालाच उघडेना, शेवटी पापड तळून भागवलं.

आता असा मंत्र हाती लागलेला माणूस गप्प बसतो होय? सोसायटीच्या गणपतीला वाढपाचं काम ह्यांनी मागून घेतलं. मसालेभाताची परात घेऊन पंगतीच्या ह्या टोकाच्या पाहुण्याला वाढलं की थेट त्या टोकाला. मग पुन्हा इकडे. मधले लोक मान वळवून वळवून थकले. चौथ्या मजल्यावरचे शहाकाका गुजरातीत काहीतरी पुटपुटले आणि घरून फरसाण मागवून खाऊ लागले. हे पंगतीचं. पण त्याच शहाकाकांचं वरच्या मजल्यावरच्या कोकणी बाईंशी गळतीवरून हाडवैर होतं, ते ह्याच माणसाने मिटवलं बरं का! एका दिवशी शहाकाकांना अर्धवट समजावलं आणि उठून वर गेले. बाईंना अर्धवट समजावलं आणि खाली आले. असं आठवडाभर चाललं. मी विचारलं, एकदाच काय ते नीट बोलून का नाही टाकत? तर म्हणाले, "एकालाच पूर्ण पटवलं ना साडू, की त्याला वाटतं आपण जिंकलो. मग दुसरा वाकडा बसतो." नळ आता गळत नाही आणि बाई शहाकाकांकडे घावने पाठवतात.

हाटकेशला एक गॅरेजवाला आहे, साडूभाऊंना गुरुस्थानी मानणारा. म्हणजे असं साडूभाऊंना वाटतं. तिथे हे स्टुलावर बसून त्याला हिंदीत प्रवचन देतात, "भाई, एक को पूरा टाइट नहीं करने का. सामनेवाले को बुरा लगता है." तो बिचारा 'हां अंकल, हां अंकल' करत आपलं काम उरकत असतो. ह्याच गॅरेजवाल्याचा साडूभाऊंच्या जीपवर पहिल्यापासून डोळा. "बेचना हो तो पहले मेरे को बोलना," असं तो दर भेटीत म्हणतो आणि साडूभाऊ दर भेटीत कानावर हात ठेवतात.

आता माझं. मी भाईंदरला राहतो, शाळेत भूगोल शिकवायचो. मला गाड्यांमधलं ओ की ठो कळत नाही. तीन वर्षांपूर्वी आमची ही गेली. हिची एक सवय होती. चाक असलेल्या कुठल्याही वस्तूवर घराबाहेर पडणाऱ्या माणसाला ही अक्षता टाकल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायची नाही. मी स्कूटरवरून शाळेत निघालो तरी अक्षता. फळ्यावर नदीची खोरी काढायला हात वर केला की कॉलरमधून तांदळाचे लाल दाणे टेबलावर पडायचे आणि मागच्या बाकावरून आवाज यायचा, "सरांचं आज पुन्हा लग्न झालं वाटतं!" घर बदललं तेव्हा हिने सामानाच्या टेम्पोवरही टाकल्या. ड्रायव्हर म्हणाला, "दीदी, चावल मत फेंको, कबूतर पीछे लगेगा." मी कावायचो, ही हसायची. ही गेली आणि कपडे झटकले तरी दाणे पडेनात.

आता साडू हे नातं मोठं चमत्कारिक. दोन बहिणींच्या खुंट्यांना टांगलेलं. एक खुंटी निखळल्यावर ते राहतं कुठे? दिवस-कार्य झालं की एखाद-दुसरा फोन, मग दिवाळीचा मेसेज, मग तोही बंद, असंच होणार असं मी धरून चाललो होतो. तर पहिल्याच रविवारी सकाळी साडूभाऊंचा फोन. ख्याली नाही, खुशाली नाही. "अहो साडू, या ताबडतोब. समोरचा बोल्ट धरायला माणूस नाही." मी गेलो. चहा झाला, बोल्ट झाले, ताईंनी जेवायला थांबवलं. पुढच्या रविवारी पुन्हा फोन. बोल्ट पुन्हापुन्हा तपासावे लागतात म्हणे. हेच काम हाटकेशचा गॅरेजवाला शिट्टी वाजवत एकटा करतो, हे मी पुष्कळ दिवसांनी डोळ्यांनी पाहिलं. पाहिलं आणि कुणाला काही बोललो नाही, कारण एव्हाना माझा आठवडा त्या रविवारच्या भरवशावर चालत होता.

आणि हाच रविवार जायची वेळ आली. नवरात्राच्या आधी साडूभाऊंनी एकट्याने चाक उचललं आणि कंबर धरून खाली बसले. चार दिवस पाटावर बसवेना. ताईंनी देवघरासमोर उभं राहून निकाल दिला, "दिवाळीनंतर मुर्ध्याला खाडीकाठी त्या जीपवाल्या पोरांचा चिखलाचा कार्यक्रम आहे ना? एकदाच जा. स्वतःच्या चाकांवर बाहेर आलात तर राहू दे तुमचं ते धेंड. कुणी ओढून काढलं, मग बैल असो की ट्रॅक्टर, तर दुसऱ्या दिवशी गाडी हाटकेशला. लावा हात देवाला." साडूभाऊंनी लावला. मी शेजारी उभा होतो. ताई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि भाऊजी, तुम्हीही बसणार शेजारी. समोरचा माणूस लागतो ना ह्यांना?" मी मान डोलावली. गाडीचं मला काय! पण गाडी गेली तर मला रविवारी बोलावायला निमित्त कुठलं उरणार होतं?

नवे टायर आले, हात घालावा एवढाल्या खाचांचे. दसऱ्याच्या सकाळी बसवायला घेतले. चाक आडवं टाकून, साबणाचं पाणी लावून, टायरची खालची कड पायाने दाबून आत घालायची असते. दोन निवृत्त माणसं एकमेकांचे हात धरून टायरवर फुगडी घालताहेत, हे दृश्य बघायला सोसायटीच्या सगळ्या गॅलऱ्या भरल्या. शहाकाका वरून म्हणाले, "संभालके, कमर!" साडूभाऊंची सक्त ताकीद होती की पूजा फक्त बॉनेटची करायची. चाकाजवळ हळद नाही, कुंकू नाही, फूल नाही. टायर आणि चाक यांच्यामध्ये धुळीचा कण गेला तरी हवा टिकत नाही, हे त्यांनी ताईंना दोनदा बजावलं. ताईंनी मुकाट्याने बॉनेटवर कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. शेवटच्या चाकाचा टायर बसवून झाला, कडं तेवढं ठेवायचं राहिलं होतं, आणि ताई म्हणाल्या, "जिलबी गरम आहे तोवर दोघांनी हात धुऊन वर जा. मी थांबते इथे." आम्ही गेलो. जिलबी उत्तम होती. परत येऊन कडं ठेवलं, समोरासमोर बसलो आणि कट्ट, कट्ट करत बोल्ट आवळले.

पण तेच चाक, मागचं डावं, दुसऱ्या दिवसापासून हवा सोडू लागलं. फार नाही, आठवड्यात मऊ पडायचं. साडूभाऊंनी साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधले, कान लावून डॉक्टरसारखे बसले, हवेची नळी बदलली, बोल्ट पुन्हा तपासले. मग संशयाची सुई माझ्याकडे वळली. "तुमच्या बाजूचाच कुठला तरी बोल्ट कच्चा आहे, साडू. तुमचं लक्ष जिलबीत होतं." मी म्हटलं, उघडून तरी बघा. पण कार्यक्रम तोंडावर आलेला आणि सगळं पुन्हा खोलायला कंबर राजी नव्हती. "हवा भरू आणि जाऊ," असं ठरलं.

मुर्ध्याला जुन्या मिठागरांच्या मागे ओहोटीनंतर जो चिखल उघडा पडतो त्याला चिखल म्हणणं म्हणजे समुद्राला तळं म्हणणं. मी वर्गात 'गाळाचे थर' शिकवले होते, त्यात बसून जाईन असं कधी वाटलं नव्हतं. पोरांच्या चकचकीत गाड्या एकेक करून आत जात होत्या आणि निम्म्याअधिक दोर लावून बाहेर येत होत्या. ओढून काढायला ट्रॅक्टर तयारच उभा. बांधावर गावातले एक आजोबा बसले होते. त्यांनी आमची गाडी पाहिली, आम्हा दोघांना पाहिलं आणि म्हणाले, "न्हाय जायाची हितून गारी. माजा बैल बसलाय हितं." बैलाचं नाव काढताच ताईंनी, प्लास्टिकच्या खुर्चीवर छत्री उघडून बसल्या होत्या तिथून, साडूभाऊंकडे नुसतं पाहिलं.

साडूभाऊंनी चारी चाकांची हवा कमी केली, अर्ध्या चड्डीचा पट्टा घट्ट केला आणि आम्ही आत शिरलो. मी दोन्ही हातांनी दांडा धरून होतो आणि तोंडाने मारुतीस्तोत्र म्हणत होतो. मधोमध आल्यावर गाडी मागून डाव्या अंगाला बसली. मी वाकून पाहिलं. मागचं डावं चाक! हवा पार गेलेली, टायर चपातीसारखा चेपलेला.

"साडूभाऊ, गेलं! हवा संपली! थांबा!"

"थांबलो तर रुतलो! टायर चाकावर आहे ना?"

"आहे, पण..."

"मग हवा गेली उडत! कडं आपण आवळलंय. तुम्ही आणि मी!"

फट् फट् फट् करत तो मेलेला टायर चिखल थापटत होता, गाडी लंगडत होती, चिखल माझ्या चष्म्यावर होता. पण साध्या चाकावरून केव्हाच निसटला असता तो टायर कड्याने धरून ठेवला होता. समोरचा बांध जवळ आला, गाडीने एकदा नाक खाली घातलं, घुरघुरली आणि चढली. ट्रॅक्टरवाला बिडी विझवून बघत राहिला. "आयला! निंगाली की गारी!" आजोबा उभे राहिले. मी ओरडलो, काय ओरडलो ते आठवत नाही, साठी उलटल्यावर मी असा कधी ओरडलो नव्हतो. साडूभाऊ स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होते. ताईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी छत्री मिटली आणि थर्मासमधून चहा ओतला, आधी ह्यांना आणि मग समोरच्याला, म्हणजे मला.

पुढच्या रविवारी ते चाक उघडलं. कडं उचललं, टायरची कड सोडवली आणि साडूभाऊ खाली वाकले ते वाकलेलेच राहिले. चाकाच्या काठावर, रबराखाली चेपून बसलेले तांदळाचे दाणे होते. कुंकवाने लाल झालेले.

"अक्षता!" त्यांचा आवाज चढला. "धुळीचा कण चालत नाही तिथे अक्षता! कुणी टाकल्या?"

ताई जिन्याच्या पायरीवर उभ्या होत्या. "मी. जिलबी खात होतात तेव्हा."

"अगं पण मी दोनदा सांगितलं होतं! गाडी तिथेच बसली असती तर गेली नसती का हाटकेशला?"

"जायची तर गेली असती. मला गाडीचं काय कौतुक? पण त्या गाडीत भाऊजी बसणार होते." ताई माझ्याकडे बघत नव्हत्या, पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या. "धाकटी असती तर तिने भाऊजींना असंच जाऊ दिलं असतं? तिच्या वाटणीच्या मी टाकल्या. बॉनेटवरच्या उडून गेल्या असत्या, म्हणून आत टाकल्या."

मी उगाच पाना पुसत बसलो. तो आधीच स्वच्छ होता.

साडूभाऊंच्या हातात चाक पुसायचा फडका होता. तो त्यांनी खांद्यावर टाकला. रबराला चिकटलेले दोन-तीन दाणे नखाने हलकेच सोडवले, तळहातावर घेतले आणि पुन्हा होते तिथे, त्याच काठावर ठेवले. मग टायरची कड वर बसवली आणि कडं ठेवलं.

"अहो, काय करताय?" मी म्हटलं. "हवा जाईल पुन्हा."

"जाऊ दे की. दर रविवारी भरू." त्यांनी एक बोल्ट बोटाने फिरवून बसवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हवा गेली तरी टायर सुटत नाही, बघितलंत ना? मग बसा समोर."

मी बसलो. मागचं डावं चाक अजून आठवड्याला मऊ पडतं. साडूभाऊ पंप घेऊन वाट बघत उभे असतात, ताई वरून भाजी काय करू म्हणून विचारतात. आणि रविवारी सकाळी भाईंदरहून निघताना, वेडेपणा म्हणा हवं तर, मी खिशात हात घालून बघतो, एखादा दाणा आहे का.